खान्देशातली संग्रहालयं: डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काय बघाल?

ताई, तुम्ही २६ ते ३१ डिसेंबर इकडे आहात, सोबत दोन शाळकरी मुलं आहेत आणि त्या आठवड्यात धुळे-जळगावकडच्या संग्रहालयांत कोणती प्रदर्शनं, कोणते कार्यक्रम आहेत याची यादी कुठे मिळत नाही, असं लिहिलंय. मिळणारही नाही. सहा-सहा महिन्यांचं वेळापत्रक आधी छापायची रीत इकडे फारशी नाही. आपल्याकडचे कार्यक्रम जयंती-पुण्यतिथीला धरून चालतात. पत्रिका व्हॉट्सअॅपवर फिरते ती आदल्या दोन-तीन दिवसांत, आणि बातमी येते दुसऱ्या दिवशी, कार्यक्रम उरकल्यावर! त्यामुळे यादीची वाट बघू नका, तारखा हाताशी ठेवा आणि फोन करा.

तारखांच्या बाबतीत तुमचं नशीब जोरावर आहे. ३१ डिसेंबर १९२६ला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे धुळ्यात गेले. म्हणजे तुम्ही याल त्या ३१ डिसेंबरला बरोबर शंभर वर्षं भरतात. त्यांच्या मागे लगेच १९२७मध्ये धुळ्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं, त्याचीही शंभरी पुढच्या वर्षी. पत्रिका अजून माझ्या हाती आलेली नाही, तेव्हा कोणता पाहुणा, किती वाजता, हे मी सांगत नाही. पण या वर्षी धुळ्याकडे लक्ष ठेवायचं नाही तर कधी ठेवायचं?

मंडळाच्या संग्रहालयात मूर्ती, ताम्रपट, नाणी, जुनी चित्रं आहेत, पण खरा ऐवज कागदांचा. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यांवरची, वाळवीच्या तोंडातली दप्तरं बाहेर काढली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड काढले. मुलांना खंडांचं कौतुक वाटणार नाही हे मान्य. त्यांना मोडीतला एक कागद दाखवायला सांगा. आपलीच भाषा आणि एक अक्षर लागत नाही, हे कळलं की मुलं प्रश्न विचारायला लागतात. एरवी काचेच्या कपाटासमोरून ती दोन मिनिटांत पुढे सटकतात.

पुण्यतिथीच्या दिवशी मात्र संग्रह नीट बघून होईल अशी आशा धरू नका. त्या दिवशी खुर्च्या, हार, माईक आणि भाषणं. माहिती देणारी माणसंच पाहुण्यांच्या मागे असतात. पाचचा कार्यक्रम पाहुणे आले की सुरू होतो, हेही तुम्हाला ठाऊक असेलच. म्हणून ३०ला सकाळी शांतपणे संग्रह बघा आणि ३१ला जमलं तर व्याख्यानाला बसा. मुलं कंटाळली तर मध्येच उठा, कुणी काही म्हणत नाही.

३०ला दुपारी धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिरात जा. नानासाहेब देवांनी रामदासी मठांमधून जमवलेली हस्तलिखितं इथे आहेत. खुद्द समर्थांनी स्वतःच्या हाताने उतरवून घेतलेली वाल्मीकी रामायणाची प्रत इथलीच. ती कधी बघायला मिळते हे आधी विचारून घ्या. जुन्या पोथ्या येता-जाता कुणालाही उघडून दाखवत नाहीत, आणि ते योग्यच आहे. इथली मोठी तिथी दासनवमी, ती माघ वद्य नवमीला, म्हणजे तुमच्या सुट्टीत बसत नाही.

आता चाळीसगाव. हे तुमच्या यादीत नव्हतं, मी घालतोय. स्टेशनजवळ ‘आशीर्वाद’ नावाचा दगडी बंगला आहे, तो केकी मूस यांचा. इंग्लंडात कला शिकून आलेला हा पारशी छायाचित्रकार पुढे जन्मभर या बंगल्याबाहेर जवळजवळ पडलाच नाही. त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२चा आणि मृत्यू ३१ डिसेंबर १९८९चा. म्हणजे इथेही तोच ३१ डिसेंबर! त्यांचं ‘टेबलटॉप’ छायाचित्रण बघा. घरातल्या साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडायच्या, उजेड असा टाकायचा की फोटोत डोंगर, रस्ता, आख्खा देखावा दिसावा. मुलांना घरी करून बघता येईल असं यापेक्षा चांगलं प्रदर्शन या तीन जिल्ह्यांत मला माहीत नाही. गावात सांगतात की रोज रात्री पंजाब मेलच्या वेळेला ते कुणाची तरी वाट बघायचे. आलेल्या पाहुण्याला हीच गोष्ट आधी ऐकवली जाते आणि फोटो बाजूला राहतात. तुम्ही फोटो आधी बघा.

एकाच तारखेला दोन गावं होणार नाहीत. एरवी मी चाळीसगाव सुचवलं असतं, पण या वर्षी शंभरीमुळे ३१ डिसेंबर धुळ्याला द्या आणि मूस यांचं घर २९ला करा. चाळीसगाव-धुळे रेल्वे आहे, एसटी आहे, अंतर पन्नास-साठ किलोमीटर. मुलांना गणित आवडत असेल तर चाळीसगावहून अठरा-वीस किलोमीटरवर पाटणादेवी आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख तिथला. त्याच तालुक्यात पाटणे इथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर कोरलेली नक्षी सापडली, साधारण पंचवीस हजार वर्षांपूर्वीची. खान्देशात शहामृग! यावर एखादं फिरतं प्रदर्शन तालुक्यातल्या शाळाशाळांतून न्यावं, ही माझी जुनी मागणी आहे. अजून कुणी मनावर घेतलेलं नाही.

जळगावचं थोडक्यात सांगतो. जैन हिल्सवरचं गांधी तीर्थ सगळ्यांत आधुनिक. २५ मार्च २०१२ला त्याचं उद्घाटन प्रतिभाताई पाटलांनी केलं, तेव्हा त्या राष्ट्रपती होत्या आणि माहेर इथलंच. दोन-तीन तास सहज जातात, मुलं रमतात. त्यांचे मोठे कार्यक्रम २ ऑक्टोबर आणि ३० जानेवारीच्या आसपास, म्हणून डिसेंबरात फक्त दालनं बघायची या तयारीने जा. जुन्या जळगावात चौधरी वाड्यात बहिणाबाईंच्या घरातल्या, शेतीतल्या वस्तू जपल्या आहेत. त्यांची पुण्यतिथी ३ डिसेंबर, ती तुमची हुकते. तरी जा. लिहिता-वाचता न येणारी बाई जात्यावर ओव्या रचते, मुलगा त्या उतरवून घेतो आणि ती गेल्यावर १९५२ला पुस्तक येतं, हे त्या वाड्यात उभं राहून मुलांना सांगा.

अजिंठा करणार असाल तर २७ला रविवारी उरका. गर्दी असेल, पण २८ला सोमवार आहे आणि सोमवारी लेणी बंद असतात. २८ला जळगावात भरीत-भाकरी खा. डिसेंबरात भरिताच्या वांग्यांचा भर असतो, त्यात टाळाटाळ नको.

फोन सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान करा. ‘उघडं आहे का’ एवढंच विचारू नका, ‘कोण दाखवायला असेल’ हेही विचारा. काही ठिकाणी किल्ली एकाकडे आणि माहिती दुसऱ्याकडे असते. फोटो काढायची परवानगीही तेव्हाच विचारून ठेवा. आल्यावर हॉटेलात लोकमत, दिव्य मराठी किंवा देशदूतची स्थानिक पानं चाळा, ‘आजचे कार्यक्रम’ तिथे सापडतात.

मुलं कितवीत आहेत ते लिहा. आठवीच्या पुढची असतील तर पाटणादेवीचा दिवस नक्की धरू, लहान असतील तर तो वेळ केकी मूसकडे वाढवून देतो.