निवड यादीत नाव आहे आणि खासगी कंपनीचे पत्रही आले आहे, काय करावे?

तुमच्या प्रश्नावरून असे दिसते की, एका खासगी कंपनीने तुम्हाला तीन आठवड्यांत रुजू व्हायला सांगितले आहे, राज्य शासनाच्या एका गट-ब पदाच्या तात्पुरत्या निवड यादीत तुमचे नाव आहे आणि घरची मंडळी थांबण्याचा आग्रह धरीत आहेत. माझे मत आधीच सांगतो: कंपनीत रुजू व्हा, मात्र सही करण्यापूर्वी त्या पत्रातील काही अटी बारकाईने वाचा.

तुम्ही हा प्रश्न ‘खासगी की सरकारी’ असा मांडला आहे. पण आज तुमच्यासमोर दोन नोकऱ्या नाहीतच. एक नोकरी आहे आणि एका यादीतले नाव आहे. केवळ निवड यादीत नाव आल्याने नियुक्तीचा हक्क निर्माण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९१ मध्ये शंकरसन दाश प्रकरणात स्पष्ट केले आहे. शासनाला मनमानीने जागा रिकाम्या ठेवता येत नाहीत, एवढाच काय तो उमेदवाराला त्यात आधार. कागदपत्र पडताळणी, वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी हे टप्पे पुढे असतातच आणि मध्येच कोणी न्यायालयात गेले तर सगळेच अडून राहते. २०१९ च्या राज्यसेवा परीक्षेचा अंतिम निकाल जून २०२० मध्ये लागला आणि ४१३ उमेदवारांची निवड झाली. पण सप्टेंबरमध्ये मराठा आरक्षणाला स्थगिती मिळाली, मे २०२१ मध्ये ते आरक्षण रद्द ठरले आणि तेव्हाही ही निवड झालेली मंडळी नियुक्तीची वाटच पाहत होती.

मी स्वतः अशाच यादीत असताना कंपनीचे पत्र नाकारले होते. ‘आता काय, महिन्या-दोन महिन्यांत ऑर्डर येईल’ असे जो तो म्हणत होता. ती आली चौदा महिन्यांनी. पैशांची ओढाताण झालीच, पण त्याहून जाचक होते ते रोज सकाळी संकेतस्थळ उघडून पाहणे आणि भेटेल त्याच्या ‘झाले का?’ला उत्तर देणे. आज शासकीय सेवेत मी समाधानी आहे, तरीही ते महिने घरी बसून काय साधले, हे मला सांगता येणार नाही.

आता अटींकडे वळू. नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा असेल तर अडचण होऊ शकते, कारण नियुक्ती आदेशात रुजू होण्यासाठी सहसा त्याहून कमी दिवस दिलेले असतात आणि मुदतवाढ मिळेलच याची खात्री नसते. म्हणून उरलेल्या दिवसांचा पगार भरून मोकळे होता येते का, ते लेखी विचारून घ्या. बाँड असल्यास त्याची रक्कम पाहा. ‘बाँड कोर्टात टिकत नाही’ असे मित्र छातीठोकपणे सांगतात. पण तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची एका सरकारी बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वैध ठरवली. मूळ प्रमाणपत्रे मात्र कोणत्याही कंपनीकडे ठेवू नका, पडताळणीच्या दिवशी ती तुमच्या हातात हवीत.

पगाराची तुलना करताना कंपनीच्या वार्षिक आकड्यात भविष्य निर्वाह निधीतला मालकाचा वाटाही बहुधा धरलेला असतो, हे लक्षात ठेवा. दुसरीकडे, घरचे ज्या पेन्शनच्या भरवशावर बोलतात ती जुनी योजना राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासूनच्या नव्या नेमणुकांना लागू नाही. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के तुम्ही भरता आणि १४ टक्के शासन भरते. हे वाईट नाही, पण वडिलांच्या पिढीचे गणितही नाही.

कंपनीला यादीबद्दल आपणहून सांगण्याची गरज नाही, विचारले तर खोटे बोलू नका. चारित्र्य पडताळणीच्या अर्जात आधीच्या नोकरीची माहिती मागितली असेल तर तीही लपवू नका. राजीनामा मात्र नियुक्ती आदेश प्रत्यक्ष हाती पडल्यावरच द्या. शिफारस झाल्याची बातमी त्यासाठी पुरेशी नाही.