इटालियन शिल्पकार-चित्रकार मायकेलअँजेलोने व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपेलचं छत खरंच झोपून रंगवलं का? त्याच्याबद्दलच्या आणखी कोणत्या गोष्टी खोट्या आहेत?

झोपून नाही, उभ्याने रंगवलं. पुरावा खुद्द त्याच्या हातचा आहे. काम चालू असताना त्याने जोव्हान्नी दा पिस्तोया या मित्राला एक सुनीत लिहून पाठवलं. त्यात सगळं अंगदुखीचं गाऱ्हाणं आहे: गळ्याला गलगंड आलाय, दाढी आभाळाकडे वळलीय, ब्रशमधून रंग ठिबकून चेहरा रंगलाय, पाठ धनुष्यासारखी वाकलीय. शेवटी तर 'मी चित्रकारच नाही' असं म्हणून मोकळा होतो. कागदाच्या कडेला त्याने एक छोटं रेखाटनही केलंय. त्यात एक माणूस उभा आहे आणि हात वर करून छतावर आकृती काढतोय. झोपून रंगवल्याची कल्पना लोकांच्या मनात पक्की बसली ती बरीचशी 1965 सालच्या एका हॉलिवूडपटामुळे.

परांचीचा (छतापर्यंत पोचायच्या लाकडी मचाणाचा) किस्साही छान आहे. वास्तुविशारद ब्रामान्तेने छताला भोकं पाडून दोरांनी परांची टांगायचं सुचवलं. त्यावर मायकेलअँजेलोने विचारलं, मग नंतर ती भोकं बुजवायची कशी? अखेर त्याने भिंतींच्या आधाराने स्वतःची परांची उभी केली, त्यामुळे खाली प्रार्थना चालू राहू शकल्या. 1508 ते 1512 असं हे काम चाललं. ते त्याने एकट्याने केलं हेही खरं नाही. फ्लॉरेन्सहून त्याचा बालमित्र ग्रानाच्ची आणि इतर कलाकार मदतीला आले होते. शिवाय गिलावा कालवायला, रंग घोटायला माणसं लागायचीच. याने त्याचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही असं मला मनापासून वाटतं.

'दगडात देवदूत दिसला, मी फक्त त्याला मोकळं केलं' हे वाक्य सगळीकडे फिरतं. त्याच्या पत्रांत किंवा कवितांत ते नाही. मात्र उत्तम कलाकाराच्या मनात येणारी प्रत्येक कल्पना संगमरवरात आधीच असते, अशा आशयाचं त्याचं एक सुनीत आहे. तेच वाचावं.

आता तो गरीब होता ही समजूत. तो राहायचा फाटक्यासारखा, बूट महिनोन्‌महिने पायातून काढायचा नाही. पण 1564 मध्ये, वयाच्या 88व्या वर्षी तो रोममध्ये वारला तेव्हा घरातल्या पेटीत हजारो सोन्याची नाणी निघाली, शिवाय फ्लॉरेन्सकडे जमीनजुमला होताच. आपण श्रीमंत असूनही गरिबासारखे जगलो, हे त्याने स्वतःच आपल्या चरित्रकाराला सांगितलं होतं.

तरुणपणी त्याने निजलेल्या क्युपिडचा (रोमन प्रेमदेवाचा) एक पुतळा घडवला. तो जुना दिसेल असा करून एका दलालाने रोमच्या कार्डिनल (चर्चमधला वरिष्ठ धर्मगुरू) रियारिओला प्राचीन म्हणून 200 डुकाटला (सोन्याच्या नाण्यांना) विकला आणि मायकेलअँजेलोच्या हातावर फक्त 30 टेकवले. लबाडी उघडी पडली, कार्डिनलने पैसे परत घेतले, पण घडवणाऱ्याचा हात ओळखून 1496 मध्ये त्याला रोमला बोलावून घेतलं. तिथेच पुढे 'पिएता' हे मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मेरीचं शिल्प झालं.

मला सर्वांत आवडतो तो 1518 सालचा एका पत्रामागचा कागद. त्यावर जेवणाची यादी आहे: पाव, हेरिंग मासा, पालक, बडीशेपेचं सूप, वाइनचा चंबू. प्रत्येक पदार्थाशेजारी त्याचं चित्र. नोकराला वाचता येत नसावं म्हणून ती काढली असावीत असं मानतात. हा कागद फ्लॉरेन्सच्या कासा बुओनारोती संग्रहालयाकडे आहे. कधी त्या शहरात गेलात तर त्याची चौकशी जरूर करा.