'विसरण' आणि 'विसरणे' यांचे नाते काय?

अमळनेर तालुक्यातील एका विज्ञानशिक्षिकेने विचारले आहे की, पेशीचा धडा शिकवताना 'विसरण' (इंग्रजीत 'डिफ्यूजन') हा शब्द फळ्यावर लिहिला की 'बाई, कण काय विसरतात?' हा प्रश्न वर्गातून हमखास येतो. तेव्हा हा शब्दच चुकीचा आहे काय, आणि त्याऐवजी 'प्रसरण' म्हटलेले चालेल काय?

शब्द चुकीचा नाही. दिसायला सारखी असलेली ही रूपे दोन वेगळ्या धातूंपासून आली आहेत. संस्कृतातील 'स्मृ' म्हणजे आठवणे. त्याला 'वि' लागून 'विस्मरति' झाले, प्राकृतात त्यातला 'म' गळाला आणि मराठीत 'विसरणे' उरले. शास्त्रातील 'विसरण' मात्र 'सृ' या धातूचे आहे. 'सृ' म्हणजे सरणे, वाहणे; सरिता हा शब्दही त्याचाच. येथे 'वि' निरनिराळ्या दिशा दाखवतो, म्हणून कण जिथे दाट आहेत तिथून विरळ जागेकडे चहूकडे सरत जातात ते विसरण. विसर पडण्याला लेखी मराठीत 'विस्मरण' हे नाम आहेच, त्यामुळे नामांपुरता घोटाळा मुळीच उरत नाही.

'प्रसरण' हा पर्याय मला मान्य नाही. भुसावळच्या उन्हात रेल्वेचा रूळ प्रसरण पावतो, म्हणजे त्याची लांबी किंचित वाढते. पण लोखंडाचे कण रूळ सोडून हवेत मिसळत नाहीत.

त्याच धड्यातील 'परासरण' हेही 'सृ'चेच अपत्य आहे. रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम यांनी १८५४ साली रूढ केलेला मूळ इंग्रजी शब्द 'ऑस्मोज' (आताचा 'ऑस्मॉसिस') ग्रीकमधील 'ढकलणे' या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. मराठी शब्दात कोणी कोणाला ढकलत नाही. निवडक्षम पारपटलातून, म्हणजे काही कणांनाच आरपार जाऊ देणाऱ्या पातळ पडद्यातून, पाणी आपण होऊन, कमी संहतीच्या (पातळ) द्रावणाकडून जास्त संहतीच्या (दाट) द्रावणाकडे सरते. मला हे वर्णन अधिक नेमके वाटते.

या दोन क्रियांना आपल्या स्वयंपाकघरात फार जुने शब्द आहेत, आणि वर्गात आधी तेच सांगावेत असे मला मनापासून वाटते. यावलला आमच्या आजीकडे कैरीच्या फोडींना मीठ-हळद चोळून पातेले फडक्याने बांधून ठेवीत. संध्याकाळी फडके सोडले की सकाळी कोरड्या असलेल्या फोडी बोटभर पिवळ्या पाण्यात बुडालेल्या दिसत आणि त्यांच्या कडा मऊ पडलेल्या असत. पाण्याचा एक थेंबही कोणी घातलेला नसे. आजी म्हणे, 'पाणी सुटलं.' हे सुटणे म्हणजे परासरण: बाहेर मिठाचे दाट द्रावण, आत पेशीतील पातळ रस, म्हणून पाणी बाहेर आले. पुढे पेशींचे पटल निकामी झाले की मीठ फोडीच्या गाभ्यापर्यंत पोचते. त्याला आपण 'मुरणे' म्हणतो, आणि ते विसरण आहे. सुटते ते पाणी आणि मुरते ते मीठ, हा फरक घरातल्या बोलीने शास्त्राच्याही आधी ओळखला होता.

जाता जाता एक सांगतो. ज्या दाट द्रावणात पेशीतील पाणी बाहेर जाते त्याला पाठ्यपुस्तकात 'अतिपरासारी' म्हणतात, आणि शरीरातील पाणी वाहून जाते त्या आजाराला आयुर्वेदाने 'अतिसार' म्हटले. दोन्हींत 'अति' तोच आणि 'सृ' तोच.

शिक्षिकांनी एक पथ्य मात्र पाळावे. 'विसरण' हे नाम ठेवावे, पण त्याचे क्रियापद करू नये. 'अत्तराचे कण हवेत विसरतात' असे लिहिले की मुलांची शंका रास्तच ठरते. तिथे 'कणांचे हवेत विसरण होते' किंवा सरळ 'कण हवेत पसरतात' असे लिहावे.