हक्क की अधिकार, आणि ‘मिळावा’ की आणखी काही?

प्रश्न असा आहे: ‘कामगारांना संघटनेचा अधिकार मिळावा आणि समलिंगी व्यक्तींना कायद्यापुढे समानतेचा हक्क मिळावा, अशी माझी व्यक्तिशः आशा आहे’ या वाक्यात एकाच अर्थासाठी ‘अधिकार’ आणि ‘हक्क’ असे दोन शब्द आले आहेत. हे चूक आहे का, आणि एकच ठेवायचा झाल्यास कोणता ठेवावा?

व्याकरणदृष्ट्या यात चूक नाही. सरकारदरबारीही दोन्ही शब्द चालतात: २००५ चा कायदा ‘माहितीचा अधिकार अधिनियम’ आहे, तर महाराष्ट्राचा २०१५ चा ‘लोकसेवा हक्क अधिनियम’. तरीही एकच ठेवायचा असेल, तर मी दोन्ही ठिकाणी ‘हक्क’ ठेवीन.

‘अधिकार’ हा संस्कृत शब्द मराठीत खुर्चीला चिकटला. अधिकार गाजवतात, त्याचा गैरवापर होतो, तो वरिष्ठाकडून कनिष्ठाकडे सोपवला जातो, आणि ज्याच्याकडे तो असतो तो अधिकारी. ‘हक्क’ अरबीतून फारसीमार्गे आला. मुळात त्याला ‘सत्य’ असाही अर्थ आहे, आणि आपला ‘नाहक’ त्याच कुळातला. हक्क आपण सांगतो, बजावतो, क्वचित त्यावर पाणीही सोडतो. रजेचा अर्ज साहेबाच्या टेबलावर जातो तेव्हा सही करणे हा साहेबाचा अधिकार असतो, आणि जी रजा मागितली ती कामगाराची हक्काची रजा असते. संविधानाच्या मराठी पाठात तिसऱ्या भागाचे शीर्षक ‘मूलभूत हक्क’ असेच आहे. हिंदी पाठात ‘मूल अधिकार’ आहे. मराठी वृत्तपत्रांत ‘मूलभूत अधिकार’ बोकाळला तो, माझ्या मते, या शेजारामुळे.

मला मात्र त्याहून अधिक खटकते ते ‘मिळावा’ हे क्रियापद. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईतील गिरणी कामगारांना संघटित केले, तेव्हा कामगार संघटनांचा कायदा होण्यास अजून ४२ वर्षे होती. त्या काळी ‘मिळावा’ हेच योग्य झाले असते. आज संघ स्थापन करण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्ये लिहिलेला आहे. अडचण आहे ती युनियनचे नाव काढताच नोकरी जाण्याच्या भीतीची, म्हणून येथे ‘बजावता यावा’ हवे.

वाक्याचा दुसरा भाग अधिक गुंतागुंतीचा आहे. ‘कायद्यापुढे समानता’ हे शब्द अनुच्छेद १४ चे शीर्षकच आहेत, म्हणजे कागदावर तीही मिळालेलीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ च्या गुन्ह्यातून वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मात्र विवाहाचा प्रश्न विधिमंडळाचा ठरवला. मधली पोकळी कशी दिसते, हे पाहायचे असेल तर नोकरीतला वारसाचा अर्ज पाहावा. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने असे ठरवले की ज्याला कुटुंब आहे त्याने नामनिर्देशन कुटुंबातल्याच व्यक्तीचे करावे, आणि कुटुंबात पती वा पत्नी, मुले, अवलंबून असलेले आईवडील अशी माणसे मोजली. त्यामुळे पंचवीस वर्षे एकत्र राहिलेल्या दोन पुरुषांपैकी एकाचे आईवडील त्याच्यावर अवलंबून असतील, तर जोडीदाराचे नाव त्या रकान्यात बसत नाही. (‘जोडीदार’ हा शब्द गंमतीचा आहे: तो स्त्रीलाही चालतो, पुरुषालाही, आणि एकाच यंत्रावर काम करणाऱ्या सोबत्यालाही. भाषेने जी सोय केली ती अर्जाने केली नाही.)

‘व्यक्तिशः’ काढून टाकावे. ‘माझी’ म्हटल्यावर ते पुन्हा सांगण्याची गरज उरत नाही. ‘आशा’ मात्र विचार करून वापरावी. जेथे कोणी उत्तरदायी आहे तेथे मराठीत ‘अपेक्षा’ शोभते, आणि जेथे अजून कोणी बांधलेले नाही तेथे ‘आशा’. तेव्हा माझ्या हातून हे वाक्य असे लिहिले जाईल: ‘संघटना करण्याचा हक्क कामगारांना न भिता बजावता यावा ही माझी अपेक्षा आहे, आणि समलिंगी व्यक्तींची कायद्यापुढील समानता वारसाच्या अर्जापर्यंत पोहोचावी ही आशा.’