आयडी कोणाच्या नावावर काढायचा? कोणाच्याच नाही

तुमची पोस्ट दोनदा वाचली. मालवणचे सहा शाळूसोबती, दोघं गावातच, दोघं पुण्यात, एक दुबईला, एक बोटीवर. ग्रुपवर गेमच्या बातम्या आणि ऑफर्स पडतात, जुन्या आठवणी निघतात. आता ठरतंय की दर सेलला काँट्री काढून एकाच खात्यात गेम घ्यायचे आणि सगळ्यांनी तेच वापरायचं. प्रश्न एवढाच, की खातं कोणाच्या नंबरावर काढायचं. बोटवाल्याचं कार्ड परदेशी व्यवहाराला चालतं म्हणून त्याचं नाव पुढे आलंय.

गाव बदललं तर ही आमचीच गोष्ट. आम्ही पाचजण, गुहागरचे. आमचाही एक बोटीवर, आणि खातं त्याच्याच नंबरावर. तुम्ही विचारलंय त्यापेक्षा जास्त लिहिणार आहे, कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी थोडं आठवणींचं, कारण त्याशिवाय आम्ही एवढा मूर्खपणा का केला ते कळणार नाही. शाळा सुटली की शृंगारतळीच्या सायबर कॅफेत जायचं. पाच पीसी आपसात जोडलेले, इंटरनेट नावापुरतं, त्यामुळे काउंटर-स्ट्राइक १.६ खेळायचं ते समोरासमोर, शिव्या देत. एकट्याने खेळायला आयजीआय. ज्यांनी खेळलाय त्यांना माहीत आहे, त्यात मिशनच्या मधे सेव्ह नव्हतं. आणि तेव्हा भारनियमन. हाकेच्या अंतरावर अंजनवेलला एन्रॉनचा वीजप्रकल्प, आणि इकडे शेवटच्या दोन गार्डांपाशी पोचलं की लाइट गायब. मिशन परत पहिल्यापासून. पाचही जणांनी एकच पीसी, एकच खुर्ची वाटून घेतलेली, म्हणून पुढे खातंही एकच असावं यात कोणाला काही वावगं वाटलंच नाही.

२०१४ मध्ये मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून काउंटर-स्ट्राइकची डीव्हीडीची डबी आणली, आतल्या कागदावर ‘की’, म्हणजे गेम चालू करायचा कोड, छापलेली. ती टाकून स्टीमवर, म्हणजे इंटरनेटवरच्या गेमच्या दुकानात, खातं उघडलं. नंबर आणि ईमेल बोटवाल्याचा, कारण तेव्हा किमती डॉलरमध्ये होत्या आणि तसं कार्ड फक्त त्याच्याकडे. (स्टीमवर रुपयांतल्या किमती नोव्हेंबर २०१५ पासून आल्या. म्हणजे तुमचं कार्डाचं कारण आज उरलेलंच नाही.) दरवर्षी उन्हाळी आणि हिवाळी सेल मिळून माणशी पाचशे. एज ऑफ एम्पायर्स, मॅक्स पेन, जे लहानपणी चोरीच्या सीडीवर खेळलो ते सगळं एकदा पैसे देऊन घ्यायचं, असा आमचा संकल्प होता. हसू नका.

२०१९ च्या शेवटी तो नऊ महिन्यांच्या काँट्रॅक्टवर गेला. मग कोरोना आला, जहाजांवरच्या माणसांच्या बदल्या जगभर अडकल्या आणि तो घरी आला २०२१ च्या सुरुवातीला. मधल्या काळात त्याचा फोन इंजिनरूममध्ये पडून मेला. त्याच फोनमध्ये स्टीमचं कोड देणारं ॲप. गावाकडचं प्रीपेड सिम कोणी रिचार्ज केलं नाही. ९० दिवस वापर नाही आणि सिमवर २० रुपयेही शिल्लक नाहीत, तर नंबर बंद होऊ शकतो, हे आम्हाला नंतर समजलं. इकडे माझा पीसी फॉरमॅट झाला. खातं कोड मागतंय, ईमेल उघडायला गेलो तर तो ओटीपी पाठवतोय, आणि दोन्ही त्याच मेलेल्या नंबरावर.

तोच नंबर परत चालू करून घ्यायला मग ऑफिस गाठलं. नाव घेत नाही, मोबाइल कंपनीची गॅलरी म्हणा. गुहागरहून एसटीने चिपळूणला जाऊन यायचं म्हणजे दिवस जातो. पहिल्या खेपेला, ज्याच्या नावावर सिम आहे त्याला आणा. बरोबर आहे, आणला. दुसऱ्या खेपेला सर्व्हर डाउन, दोन तास बाकावर बसलो. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पोच मागितली तर पोच देत नाही म्हणाले, मेसेज येईल. मी विचारलं, कुठल्या नंबरवर? तर म्हणे, ह्याच नंबरवर की!

मी त्या माणसाशी भांडलो, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. मेसेजची वाट बघण्यात दोन महिने गेले. शेवटी एका संध्याकाळी आमच्यातल्या एकाने सहज तो नंबर लावला. उचलला साताऱ्याकडच्या एका काकूंनी. नंबर केव्हाच त्यांना दिला गेला होता. हे काउंटरवर बसलेल्याला दहा सेकंदांत बघता आलं असतं. आम्हालाही आलं असतं, हेही खरं. काकूंना सगळी कहाणी सांगितली, म्हटलं तुमच्या फोनवर एक कोड येईल तेवढा वाचून दाखवा. काकू म्हणाल्या, माझ्या मुलाने सांगितलंय ओटीपी देवालासुद्धा द्यायचा नाही. आणि फोन ठेवला. पाच शिकलेल्या माणसांपेक्षा त्यांनाच जास्त अक्कल होती.

पण सगळ्यात मोठी चूक माझी, ती यापुढची. स्टीमच्या सपोर्टला लिहिलं तर त्यांनी खातं तुमचंच याचा पुरावा मागितला. त्यांची काही चूक नाही, मागायलाच हवा. डबीतल्या कीचा कागद हा असा पुरावा चालतो. कागद होता, पण डबी चिपळूणला, बाजारपेठेत राहणाऱ्या मित्राच्या घरी, तळमजल्यावर. तो म्हणाला फोटो पाठवतो. मी म्हटलं कशाला, मी पुढच्या आठवड्यात येतोच आहे. मग लॉकडाउन, मग आंबे, मग पाऊस. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं. त्याच्या घरात छातीभर चिखल, त्याचे आईवडील वरच्या मजल्यावर अडकलेले, आणि मला त्या दिवशी डबी आठवलीसुद्धा नाही. आठवली महिन्याभराने. कागद आहे, कीमधले बरेच आकडे गेलेत. एक फोटो काढायला सांगायचा होता.

गेमचे पैसे एकूण बारा-तेरा हजार असतील. तो विषय नाही. बोटवाल्याला वाटलं सगळे त्यालाच दोष देतात, आणि खरं सांगायचं तर दोघं देतही होते. पुढच्या शिमग्याला पालखी दारात असताना बोटवाला आणि ते दोघं एकाच अंगणात उभे, बोलेनात. आठवणींसाठी काढलेला ग्रुप वर्षभर गप्प.

म्हणून माझं मत, आणि ते मत आहे, कायदा नाही: प्रत्येकाचं खातं वेगळं. एक खातं अनेकांनी वापरणं मुळात स्टीमच्या करारातही बसत नाही. कोणी तुम्हाला स्टीम फॅमिलीज, म्हणजे वेगवेगळ्या खात्यांवरून एकमेकांचे गेम खेळायची सोय, सुचवेल, सहाजणांपर्यंत चालतं, आकडाही तुमचा जुळतो. पण ती सोय एका घरातल्या माणसांसाठी आहे, दुबईवाला त्यात बसणार नाही. बाहेर पडलात तर तुम्ही आल्यापासून वर्ष होईपर्यंत ती जागा भरता येत नाही. आणि तुमचा गेम घेऊन दुसऱ्याने चीटिंग केलं तर त्या गेममध्ये बंदी त्याच्यावर येते तशी तुमच्यावरही. मित्रांवर विश्वास आहे हो, पण मित्रांच्या भाच्यांवर नाही.

काँट्रीची हौस असेल तर वाढदिवसाला एकेकाला गेम भेट द्या. दुबईवाल्याचं मात्र आधी बघून घ्या, दोन देशांतल्या किमतीत जास्त फरक असेल तर भेट जात नाही. स्वस्त की विकणाऱ्या साइट्सच्या लिंक ग्रुपवर टाकूच नका. की चोरीच्या कार्डावर घेतलेली निघाली तर कंपनी ती रद्द करते आणि शिव्या लिंक टाकणाऱ्याला पडतात. ‘फुकट स्किन’, ‘माझ्या टीमला व्होट दे’ असल्या लिंकवरून लॉगिन करू नका, मग ती मित्राकडून आलेली असो. तेव्हा तो मित्र नसतोच, त्याचं खातं चोरलेला कोणीतरी असतो.

ऑफर टाकताना आमचा एक नियम आहे: किंमत, शेवटची तारीख, आणि किती जीबी. पुण्यावाल्यांना जीबीचं महत्त्व कळत नाही. एपिक या दुसऱ्या दुकानाचा फुकट गेम गुरुवारी रात्री बदलतो, आपल्याकडे उन्हाळ्यात साडेआठला, हिवाळ्यात साडेनऊला. तो नुसता लायब्ररीत घेऊन ठेवायचा, डाउनलोड सावकाश. मे २०२० मध्ये जीटीए ५ फुकट दिला तेव्हा गर्दीने एपिकची साइटच काही तास बसली होती. आमच्या दापोलीच्या एकाने तो मिळवून डाउनलोड लावला, नव्वद जीबीच्या वर, आणि ते पुरं व्हायच्या आत ३ जूनला निसर्ग वादळ आलं. कित्येक दिवस लाइट नाही. गेम खात्यात होता म्हणून राहिला. सेलमध्ये ‘८० टक्के सूट’ बघून उडी मारू नका, स्टीमडीबी या साइटवर आजवरची सर्वांत कमी किंमत दिसते. घेतलाच आणि पीसीवर चालला नाही, तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. जुन्या गेमसाठी शक्य असेल तर जीओजी हे दुकान बघा, गेमची इन्स्टॉल करायची फाइलच उतरवून हार्ड डिस्कवर ठेवता येतो. कोणाचा ओटीपी लागत नाही.

नियम बदलत असतात, मी कुठल्या कंपनीचा माणूस नाही, तेव्हा आजचं काय ते स्वतः तपासा.

बोटवाला कधी निघतोय ते तुम्ही लिहिलं नाहीत. त्याच्या स्वतःच्या खात्यासाठी तरी सांगा: निघायच्या आधी नंबरावर वर्षभराचा रिचार्ज मारायचा, आणि स्टीम ॲपमध्ये ‘आर’ने सुरू होणारा रिकव्हरी कोड असतो तो कागदावर लिहून आईकडे द्यायचा. फोनमध्ये स्क्रीनशॉट नको, फोनच तर बुडतो. आणि घरी एखादी जुनी डबी पडली असेल तर आजच रात्री फोटो.