मोटर चांगली आहे, मॅडम

बेळगावच्या टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येणाऱ्या फार थोड्या बायका पहिल्या भेटीत खरं कारण सांगतात. झोप लागत नाही, डोकं जड असतं, मुलावर उगाच हात उगारला जातो, अशी सुरुवात होते. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या भेटीत, बोलणं संपल्यावर, पर्स खांद्याला अडकवून दारापर्यंत गेल्यावर एक वाक्य येतं. "मला ते नकोच वाटतं हो. माझ्यातच काही कमी आहे का?"

यंदाच्या पावसाळ्यात हे वाक्य मी निपाणीच्या एका शिक्षिकेकडून ऐकलं, येळ्ळूरच्या एका सुनेकडून ऐकलं, बँकेत अधिकारी असलेल्या एका बाईंकडूनही ऐकलं. शिक्षण वेगळं, घरं वेगळी, वाक्य तेच. म्हणून हे लिहिते आहे.

आधी त्या 'ते'बद्दल. आमच्या सीमाभागातल्या बाईला तीन भाषा येतात. घरचं गाऱ्हाणं ती मराठीत सांगते, बाजारात आणि सरकारी दवाखान्यात कन्नड बोलते, आणि 'सेक्स' एवढा एक शब्द इंग्रजीतून कसाबसा काढते. स्वतःच्या इच्छेसाठी मात्र तिच्याकडे तिन्ही भाषांत शब्द नसतो. 'त्यांचं मन राखायचं', 'नाही म्हटलं की मन मोडतं' असं ती म्हणते. मन कायम त्याचं. बावीस वर्षांच्या कामात मी एक सवय लावून घेतली आहे. हा विषय निघाला की मी विचारते, "आणि तुझं मन?" बहुतेक जणी या प्रश्नावर गप्प होतात. ती शांतता मी कधी मोडत नाही.

वडगावातून आलेली ती अशीच गप्प झाली होती. ओळख पटेल असे तपशील मी बदललेत. वय तिशीच्या आत-बाहेर, लग्नाला नऊ वर्षं, थोरला मुलगा सहा वर्षांचा, धाकटी चौदा महिन्यांची आणि अजून अंगावर पिणारी. नवरा उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर. घरात पुढच्या खोलीत दोन माग, सासरे माग चालवतात, ती कांड्या भरते. मागच्या खोलीत हे चौघं झोपतात. मधे दार नाही, पडदा.

"माझ्यातच काय बिघडलंय, मॅडम. हे चांगले आहेत. दारू नाही, मारणं नाही. तरी रात्र झाली की मी घाबरतो." (आमच्याकडच्या बायका 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. ते मी तसंच ठेवलंय.)

मी तिला आधी डॉक्टरकडे पाठवलं. हे मी आवर्जून सांगते, कारण मनाच्या नावाखाली शरीराची दुखणी वर्षानुवर्षं झाकली जातात. रक्त कमी असणं, थायरॉइड, उदासीनतेवरच्या काही गोळ्या, प्रसूतीनंतरचे टाके, यांतलं काहीही इच्छा मारू शकतं. (गोळ्यांचा संशय आला तर त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, देणाऱ्या डॉक्टरांशी बोलायचं.) तिला संबंधाच्या वेळी दुखत होतं. एका दवाखान्यात तिने ते सांगितलंही होतं. उत्तर मिळालं होतं, "होतं असं, सवय होईल." दुखण्याची सवय होत नाही. सवय होते ती अंग आखडून घेण्याची, आणि मग आणखी दुखतं. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिला नीट तपासलं आणि समजावलं: बाळ अंगावर पितं तोवर प्रोलॅक्टिन वाढलेलं असतं, इस्ट्रोजेन उतरलेलं असतं, त्यामुळे योनी कोरडी राहते. पाण्यावर आधारित वंगण औषधाच्या दुकानात मिळतं, ते वापरायचं. आमच्याकडे खोबरेल तेल हा सगळ्यावरचा उपाय असतो. पण निरोध वापरत असाल तर तेल लावू नका, तेलाने त्याचं रबर कमजोर होऊन फाटतं.

दुखणं कमी झालं. इच्छा परत आली नाही. मग ती खरोखर बोलायला लागली.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "नऊ वर्षांत कधीतरी हवंसं वाटलं असेल ना?"

बराच वेळ गेला. "एकदा. थोरला लहान होता. मी माहेरी होतो, खानापूरकडं. हे न्यायला आले आणि पाऊस थांबेना. गोठ्याच्या पडवीत दोघंच बसलो तासभर. हे त्यांच्या शाळेतलं काय काय सांगत होते. हात धरला होता नुसता. तेव्हा वाटलं." मग घाईने म्हणाली, "पण आधीपासून नव्हतं हं वाटत. बसल्यावर वाटलं."

जणू ती गुन्हा कबूल करत होती. मी मात्र मनातून हरखले, कारण शास्त्राला जे समजायला वेळ लागला ते ही पडवीत बसून समजली होती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या मास्टर्स आणि जॉन्सन या जोडीने शरीराचा प्रतिसाद पायऱ्यापायऱ्यांनी मांडला. पुढे हेलन सिंगर कॅप्लान यांनी त्याच्या आधी इच्छेची पायरी जोडली. म्हणजे आधी इच्छा, मग बाकीचं. त्यामुळे जिला आधी इच्छा होत नाही ती कुठेतरी नापास ठरली. २००० च्या सुमारास कॅनडाच्या डॉ. रोझमेरी बॅसन यांनी वेगळी मांडणी केली. अनेक बायकांच्या बाबतीत, विशेषतः जुन्या नात्यात, इच्छा आधी येतच नाही. जवळीक, निवांतपणा, स्पर्श हे आधी येतं, शरीर जागं होतं आणि त्यानंतर मनात 'हवं' उमटतं. हा आजार नाही, ही एक निरोगी रीत आहे. काहींना इच्छा आपोआप होते, काहींना सोबतीने होते, आणि एकाच बाईच्या आयुष्यात दोन्ही काळ येऊ शकतात.

एक इशारा इथेच द्यायला हवा. 'नंतर वाटेल, म्हणून आत्ता सहन कर' असा याचा अर्थ कुणी घेतला तर तो उलटा आहे. सुरुवातीला इच्छा नसली तरी राजीपणा हवा, आणि मधेच थांबायची मोकळीक हवी. ती नसेल तर नंतर इच्छा येत नाही, तिरस्कार येतो.

मी तिला हे सगळं सोपं करून सांगत होते. मनात एक चालवणारा भाग असतो आणि एक थांबवणारा, आपण चालवणारा वाढवत बसतो आणि थांबवणारा कुणी बघत नाही, असं काहीतरी. ती ऐकता ऐकता हसली. त्या खोलीत पहिल्यांदाच.

"आमचे मामंजी पण असंच करतात. आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. नवीन पोरगा असला की आधी मोटरकडं धावतो. मामंजी म्हणतात, मोटर चांगली आहे, धागा बघ."

मग ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "मोटर चांगली आहे, मॅडम."

यानंतर मी फारसं काही केलं नाही. तिनेच धागे मोजले. धाकटी दोघांच्या मधे झोपते. पडद्यापलीकडे सासूबाईंना खोकला. "माग चालू असतो तेव्हा कुणालाच काय ऐकू येत नाही, पण तेव्हा मी कांड्यांवर बसलेलो असतो. रात्री माग बंद झाला की बांगडी वाजलेली पण ऐकू जाते." सकाळी पाचला नळाचं पाणी. तिसऱ्या बाळाची धास्ती. आणि मग, बोटाने टेबलावर रेघ ओढत, "हे नुसते जवळ आले तरी मी हिशेब करतो. आता पुढं काय. म्हणून मी हातच लागू देत नाही."

हा धागा मी घरोघरी तुटलेला बघते. स्पर्शाचा शेवट एकच ठरलेला असला की बाई साध्या स्पर्शालाही मुकते. खांद्यावरचा हात तिला नोटीस वाटते. आणि नवऱ्याला वाटतं, हिला मीच नको आहे.

त्याला बोलावलं तेव्हा तो नेमकं हेच म्हणाला. "दिवसभर मशीनवर उभा असतो मॅडम. घरी आलो की हिची पाठ दिसते. मी काय परका आहे काय?" दुखावलेला होता, वाईट नव्हता. दोघांसमोर मी एक गोष्ट ठरवून घेतली: महिनाभर संबंध नाही. जवळ बसायचं, पाठ चोळायची, डोक्याला तेल लावायचं, बोलायचं, आणि तिथेच थांबायचं. कुणीही 'पुरे' म्हटलं की पुरे. त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "इच्छा वाढवायला आलो आणि तुम्ही बंदच केलात." मी म्हटलं, "महिनाभर माझं ऐका."

दुसऱ्या आठवड्यात ती एकटी आली. बसण्याआधीच सांगायला लागली. "परवा हे थोडे पुढं गेले. मी म्हटलो, आज नको. माझी छाती धडधडत होती. हे थांबले. कूस बदलून झोपतील वाटलं, पण नाही. तसेच हात धरून पडून राहिले. सकाळी तोंड पण वाकडं नव्हतं." तिचे डोळे भरले. "नऊ वर्षांत मी कधी नको म्हटलंच नव्हतं, मॅडम. झोपेचं सोंग घेत होतो."

मी तेव्हा काही बोलले नाही. त्या रात्री मात्र मला झोप आली नाही. इतकी वर्षं मी बायकांना 'हो' म्हणायला मदत करत होते, असं मला वाटत होतं. या मुलीने दाखवलं की तिला 'नको'ची जागा हवी होती. जिला नको म्हणायला भीती वाटते तिला हवं आहे की नाही हे कळणारच कसं? तिचा सगळा जीव चुकवण्यातच खर्च होत असतो. त्यानंतर माझं काम बदललं. आता मी पहिल्यांदा विचारते, "तू नाही म्हणालीस तर काय होतं?"

या प्रश्नाची उत्तरं कधी कधी फार वाईट असतात. मार, शिव्या, चार दिवसांचा अबोला, पैसे बंद. तिथे मी इच्छेबद्दल एक शब्द बोलत नाही. जबरदस्तीला नकार देणारं शरीर बिघडलेलं नसतं, ते आपलं काम करत असतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळही येतो, आणि १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करता येतो. लग्न म्हणजे नवऱ्याला मिळालेलं लायसन्स, ही समजूत आपल्या आयांनी आपल्याला दिली. ती आपल्यापाशीच संपवायला हवी.

गोळी नाही का, असं खूप जणी विचारतात. अमेरिकेत २०१५ साली अशी एक गोळी मंजूर झाली, पण तिचा फायदा माफकच आहे, आणि पडद्याला दार बसवण्याचं काम कुठलीच गोळी करत नाही. बाजारातल्या पुड्यांच्या तर वाटेलाही जाऊ नका.

स्वतःचं अंग माहीत असणं मात्र उपयोगी पडतं. क्लिटोरिस या अवयवाचा बराचसा भाग आत दडलेला असतो. त्याची नीट, पूर्ण मांडणी ऑस्ट्रेलियाच्या शल्यविशारद हेलन ओ'कॉनेल यांनी १९९८ मध्ये केली. फार जुनी गोष्ट नाही ही. नुसत्या संबंधाने सुख मिळत नाही म्हणून स्वतःला थंड समजणाऱ्या बायकांना मी हे मुद्दाम सांगते. तुमच्यासारख्या पुष्कळ आहेत आणि त्यात दोष काहीच नाही. आपल्याकडे र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि बाईलाही सुखाचा हक्क आहे असं जन्मभर ठासून मांडलं. त्यासाठी त्यांनी खटले सोसले. शंभर वर्षांनी मी तेच वाक्य दार बंद करून, हळू आवाजात सांगते, याची मला खंत आहे.

आणि इच्छा 'जास्त' असल्याची लाज वाटणाऱ्याही येतात. खानापूर तालुक्यातल्या बावन्न वर्षांच्या एक काकू आल्या होत्या. पाळी थांबून दोन वर्षं झालेली. "सुना आल्या घरात, आणि मला अजून वाटतं. पाप आहे काय?" मी म्हटलं, "काकू, पाळीबरोबर इच्छा संपलीच पाहिजे असं कुणी सांगितलं?" कोरडेपणा वाढतो, त्यावर डॉक्टर मलम देतात. त्यांना तेवढंच हवं होतं. जाताना त्यांनी मला मांडे आणून देईन म्हणून सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात खरंच आणून दिले.

वडगावची ती महिना संपल्यावर दोघं मिळून आली. मी ठरवून दिलेला महिना त्यांनी पूर्ण पाळला की नाही हे मी विचारलं नाही. तीच म्हणाली की हिंडलग्याहून परत येताना पाऊस लागला, गाडीवर तिने त्याच्या पाठीला गाल टेकवला, आणि तेव्हा तिने हिशेब केला नाही. धाकटीला आता सासूबाई घेऊन झोपतात. त्यांनी स्वतःहून विचारलं म्हणे. बायका बोलत नाहीत, पण त्यांना कळत असतं.

तो या वेळी आठ्या घालून बसला नव्हता. खिशातून मोबाइल काढून त्याने मला एक फोटो दाखवला. पडद्याच्या जागी प्लायचं दार. त्याला लोखंडी कडी, त्याने कारखान्यातल्या भंगारातून लेथवर स्वतः घडवलेली. जेवणाच्या सुट्टीत केली म्हणाला.

"आतून आहे," ती म्हणाली. "कुठं बसवायची ते मी सांगितलो. पोराचा हात पोचणार नाही इतकी वर, आणि माझा पोचेल इतकी खाली."