हार्ड डिस्क दिसत नाही? लगेच ‘गेली’ म्हणू नका

पावसाळा सुरू झाला की जुन्या कॉम्प्युटरच्या तक्रारी वाढतात. यंदा आलेल्या बहुतेक पत्रांत एकच वाक्य आहे : ‘हार्ड डिस्क डिटेक्ट होत नाही, दुकानदार म्हणतो गेली.’ त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : नारायण पेठेत मी पंचवीस वर्षं डीटीपीचं काम केलं. २००३ सालचा असेंबल्ड कॉम्प्युटर आहे, ४० जीबीची डिस्क. लग्नपत्रिका आणि दिवाळी अंकांची कामं तर त्यात आहेतच, शिवाय वडिलांच्या कीर्तनातली आख्यानं मी श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून ठेवली आहेत. घराला रंग काढला तेव्हा कॅबिनेट उघडून ब्लोअरने धूळ काढली. तेव्हापासून सुरू केल्यावर ‘प्रायमरी मास्टर : नन’, म्हणजे मुख्य डिस्क सापडली नाही, असं येतं. डिस्क खरंच गेली का?

उत्तर : मला तसं वाटत नाही. धूळ काढेपर्यंत डिस्क चालत होती आणि धूळ काढल्यावर दिसेनाशी झाली. म्हणजे जिथे तुमचा हात लागला तिथेच आधी शोधायचं.

कॉम्प्युटर बंद करून प्लग काढा आणि डिस्कचे स्क्रू नीट घट्ट आहेत ना ते बघा. मग प्लग लावून सुरू करा आणि डिस्कच्या धातूच्या कडेला बोटं टेकवा, खालच्या हिरव्या सर्किटला नाही. पहिल्या काही सेकंदांत डिस्क फिरायला लागल्याची बारीक थरथर बोटांना जाणवते. पंख्याच्या आवाजात कानाला चुकलं तरी बोटांना चुकत नाही.

थरथर लागली नाही, तर डिस्कला वीज पोचत नाही असं धरून चाला. चार वायरींचा जो पांढरा कनेक्टर डिस्कला लागतो, त्यात पिवळी वायर १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची आणि मधल्या दोन काळ्या अर्थिंगच्या. डिस्कची मोटर १२ व्होल्टवर फिरते, त्यामुळे पिवळीला वीज नसेल तर डिस्क निपचित पडून राहते. मल्टिमीटर असेल तर काळी पिन काळ्या वायरीला लावून मोजा : पिवळीला ११.४ ते १२.६ आणि लालला ४.७५ ते ५.२५ यायला हवेत. मीटर नसेल तर एसएमपीएसमधून, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, येणारा तसाच दुसरा कनेक्टर लावून बघा. वीस वर्षांच्या एसएमपीएसमधले कपॅसिटर फुगलेले असणं अगदी नेहमीचं आहे. तेवढा एसएमपीएस बदलल्यावर ‘गेलेली’ डिस्क उठून बसलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे.

थरथर लागत असेल तर रुंद रिबन केबलकडे वळा. तिच्या एका कडेला लाल रेघ असते. डिस्कवर ती रेघ बहुधा वीज लागते त्या बाजूला येते. उलटी लागली तर समोरचा लाल दिवा सतत पेटून राहतो आणि बायोसला, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना सगळ्यांत आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामला, डिस्क सापडत नाही. केबल ओढताना ती धरून नव्हे, टोकाच्या प्लॅस्टिकला धरून सरळ काढा. मग टॉर्च घेऊन डिस्कच्या पिना बघा. दोन ओळींत मिळून ३९ पिना दिसतील. मधली विसावी पिन मुळातच नसते, ती मोडली असं वाटून घाबरू नका. ब्लोअरच्या नळीने किंवा केबल तिरपी बसवल्याने एखादी पिन आडवी झालेली असू शकते. लीड पेन्सिलचं पोकळ टोक त्या पिनेवर घालून हलक्या हाताने उभी करा. एकदाच, सावकाश. पुन्हा पुन्हा वाकवली तर तुटते.

राहिला जंपर, म्हणजे डिस्कच्या मागे दोन पिनांवर बसवलेली ती चिमुकली टोपी. एकाच केबलवर डिस्क आणि सीडी ड्राइव्ह असतील आणि दोघांचे जंपर ‘मास्टर’वर (केबलवरचं पहिलं साधन; दुसरं ते ‘स्लेव्ह’) असतील, तर कधी एकही दिसत नाही. सीडी ड्राइव्हची केबल तात्पुरती काढून टाका. डिस्क वेस्टर्न डिजिटलची असेल आणि केबलवर एकटीच असेल, तर जंपर पूर्ण काढून बघा. त्यांच्या डिस्कमध्ये ‘एकटी’ आणि ‘स्लेव्हसह मास्टर’ अशा दोन वेगळ्या सेटिंग आहेत. दुसरी निवडलेली असेल तर नसलेल्या स्लेव्हची वाट बघण्यात गोंधळ होतो.

आणि डिस्क दिसली की त्याच दिवशी सगळा मजकूर दुसरीकडे कॉपी करा. फक्त फायली नकोत, विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमधले श्रीलिपीचे फॉन्टही घ्या. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या प्रमाण संकेतात, नाही. फॉन्ट नसतील तर वडिलांची आख्यानं नव्या कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांच्या खिचडीसारखी दिसतील आणि तुम्हाला वाटेल मजकूर खराब झाला. फॉन्ट हाताशी असले की तो कन्व्हर्टरने युनिकोडमध्येही आणता येतो. हे काम पुढे ढकलू नका.

प्रश्न : औंधच्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसात २००९चा कॉम्प्युटर आहे. गुरुवारी लाइट गेली की परत आल्यावर तारीख जानेवारी २००९ दाखवतो आणि ‘बूट डिव्हाइस निवडा’ असा इंग्रजी संदेश येतो. मेकॅनिक येऊन सेटिंग करतो, बुधवारपर्यंत चालतं. डिस्क बदलावी का?

उत्तर : डिस्कला हात लावू नका, बायोसचा सेल बदला. मदरबोर्डवर नाण्याएवढा सीआर२०३२ सेल असतो. नावातच माप आहे : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. तो ३ व्होल्टचा असतो. मीटरवर २.७च्या खाली दाखवला तर काढून टाका. घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

गुरुवारच का, हेही सांगतो. कॉम्प्युटर बंद असला तरी प्लग चालू असेल तोवर एसएमपीएस बोर्डला थोडी वीज देत राहतो आणि बायोसच्या सेटिंग टिकतात. गुरुवारी महावितरण देखभालीसाठी पुरवठा बंद ठेवतं, तेव्हा सगळा भार त्या संपलेल्या सेलवर येतो. सेटिंग पुसल्या जातात आणि बायोस कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर जातो. त्यात बूटचा, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं त्याचा, क्रम बदलतो. डिस्क बोर्डला जोडणाऱ्या साटाची सेटिंग ‘एएचसीआय’ या नव्या पद्धतीवरून ‘आयडीई’ या जुन्या पद्धतीवरही जाऊ शकते. मग डिस्क धडधाकट असूनही विंडोज निळा पडदा दाखवून थांबतं आणि खालच्या कोडच्या शेवटी ‘७बी’ असतं. हा कोड दिसला की कुणी तरी ‘विंडोज उडालं, फॉरमॅट मारतो’ म्हणेल. मारू देऊ नका. बायोसमध्ये ती एक ओळ परत बदलली की सोसायटीचे हिशेब जिथल्या तिथे असतात. सेल बदलल्यावर बरोबर सेटिंगच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ऑफिसच्या फायलीत लावून ठेवा.

प्रश्न : सिंहगड रोडला राहतो, इंजिनीअरिंगला आहे. काकांचा २००५चा पेंटियम ४ मिळाला. तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून ५०० जीबीची साटा डिस्क आणली, पण बायोसला दिसतच नाही. मित्राच्या लॅपटॉपवर मात्र छान चालते. बोर्डवरच्या चिपवर ‘व्हीआयए व्हीटी८२३७आर’ लिहिलं आहे.

उत्तर : चिपचं नाव लिहिलंस म्हणून उत्तर सोपं झालं. ही चिप साटाच्या पहिल्या पिढीची आहे, वेग सेकंदाला १.५ गिगाबिट. पुढच्या पिढीच्या डिस्कशी वेग जुळवताना ती अडकते आणि डिस्क दिसतच नाही. बिघाड कुणाचाच नाही. डिस्कवर वेग १.५वर आणायचा जंपर असेल तर तो लाव. वेस्टर्न डिजिटलच्या पुष्कळ डिस्कवर तो ५ आणि ६ नंबरच्या पिनांवर लागतो, बाकीच्यांचं चित्र लेबलवर असतं. जंपरची सोयच नसेल तर दुसऱ्या कंपनीच्या चिपचं, बोर्डच्या पीसीआय खाचेत बसणारं साटा कार्ड घे. विंडोज एक्सपी टाकणार असशील तर इन्स्टॉलच्या सुरुवातीला एफ६ दाबून फ्लॉपीवरून साटाचा ड्रायव्हर द्यावा लागेल. आणि एक्सपीची सीडी निदान सर्व्हिस पॅक १ असलेली हवी, त्याआधीचं एक्सपी १३७ जीबीच्या पुढचं ओळखत नाही.

प्रश्न : पिंपरीहून लिहिते. डिस्कमधून टक-टक-टक असा आवाज येतो, मग थांबते, बायोसला दिसत नाही. आत मुलीच्या बारशापासूनचे फोटो आहेत. शेजारच्या दादांनी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितलं. एक दुकानदार म्हणतो, तशाच दुसऱ्या डिस्कची सर्किटची प्लेट लावून बघू.

उत्तर : ताई, आत्ता ती डिस्क काढून कपाटात ठेवा आणि पुन्हा सुरू करू नका. हा आवाज आत वाचणारी हेड जागा शोधते आहे आणि तिला सापडत नाही, याचा आहे. फिरणाऱ्या तबकडीपासून हेड काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. ती खराब झाली असेल तर प्रत्येक वेळी सुरू करताना तबकडीवर चरा पडू शकतो आणि चरा पडला तिथले फोटो कुणालाच परत आणता येत नाहीत.

फ्रीजर मुळीच नको. बाहेर काढल्यावर पावसाळ्याच्या हवेत आत दव धरतं. सर्किटची प्लेट बदलूनही भागत नाही, कारण त्या डिस्कपुरत्या मोजमापांची नोंद बऱ्याचदा प्लेटवरच्या एका चिपमध्ये असते. नुसती प्लेट बदलली तर ती नोंद जुनीकडेच राहते. शिवाय तुमचा बिघाड प्लेटचा नाहीच. डेटा रिकव्हरीवाल्यांकडे जा, पण आधी दोन गोष्टी विचारा : डिस्क उघडायला धूळविरहित क्लीन रूम आहे का, आणि फोटो मिळाले नाहीत तर पैसे किती. खर्च मोठा असतो. या फोटोंसाठी मी तो केला असता.

प्रश्न : बिबवेवाडी. जुनी डिस्क बंद कॉम्प्युटरमधून काढून यूएसबी केबलने लॅपटॉपला लावली. दिसते, पण विंडोज म्हणतं ‘इनिशिअलाइझ करा’. करू का?

उत्तर : नाही. कॅन्सल करा. तसंच ‘फॉरमॅट करा’ म्हटलं तरी कॅन्सल. डिस्कवरचे विभाग विंडोजला वाचता येत नाहीत एवढाच त्याचा अर्थ, आणि होकार दिलात तर विभागांच्या जुन्या नोंदीवर नवी कोरी नोंद लिहिली जाते.

मोठी साडेतीन इंची डिस्क असेल तर आधी केबलसोबतचा वेगळा अ‍ॅडॅप्टर लावला आहे ना बघा, नुसत्या यूएसबीवर तिची मोटर चालत नाही. तरीही तेच आलं तर लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीच्या) पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करा आणि ‘डीडीरेस्क्यू’ने त्या डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या मोठ्या डिस्कवर घ्या. हे साधन सहज वाचता येणारा भाग आधी उचलतं, अडणाऱ्या जागा मागे ठेवतं आणि कुठे काय राहिलं याची नोंद फायलीत ठेवतं, म्हणून मध्येच थांबवून दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करता येतं. कमांडमध्ये मूळ डिस्कचं नाव आधी आणि नव्याचं नंतर येतं. एंटर दाबण्यापूर्वी दोन्हींचे जीबी वाचून खात्री करा, उलट झालं तर रिकाम्या डिस्कची प्रत तुमच्या डेटावर पडेल. पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा.